पन्नास हर्ट्झ आणि उतरलेला षड्ज

उज्जैनमध्ये शिंदेशाहीपासून मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. कुमार गंधर्व १९४८ पासून ज्या देवासला राहिले, तेही इथून चाळीस किलोमीटरच्या आत. अशा एखाद्या घरात, अमेरिकेहून आणलेल्या बेल्टच्या टर्नटेबलवर कुमारजींची एलपी लावली, तर एक विलक्षण प्रकार घडू शकतो. यंत्र सुरळीत फिरते, खरखर नाही, थरथर नाही. पण लय संथ आणि आवाज जाड. पांढरी चारचे गाणे पांढरी दोनच्याही किंचित खाली ऐकू येते.

दोष बेल्टचा नसतो. जुन्या घडणीच्या अनेक टर्नटेबलांत सिंक्रोनस मोटर असते आणि तिचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, भारतात ५०. चोवीस ध्रुवांची मोटर तिकडे मिनिटाला ३०० फेरे घेते, इथे २५०. त्यामुळे ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड २७.८ फेऱ्यांवर येते. गुणोत्तर ६:५. शुद्ध गणिती स्वरांतरांत षड्ज आणि कोमल गंधार यांचे प्रमाण नेमके हेच! २३० व्होल्टचे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर मोटर जळू देत नाही, पण वारंवारता बदलणे त्याच्या हाती नाही. त्यासाठी १.२ पट व्यासाची, ५० हर्ट्झसाठी बनवलेली पुलीच हवी. डीसी मोटरच्या यंत्रांना ही बाधा नाही. त्यांचा वेग बहुधा आतल्या छोट्या स्क्रूने जुळवता येतो.

वेग तपासायला स्ट्रोबची चकती वापरतात. दिव्याच्या लुकलुकण्यात तिच्या रेघा स्थिर दिसल्या, की वेग बरोबर. ३३⅓ साठी आपल्याकडे १८० रेघा लागतात, अमेरिकेत २१६. गंमत अशी, की यंत्रासोबत आलेली २१६ रेघांची चकती २७.८ फेऱ्यांवरही आपल्या दिव्याखाली निश्चल दिसते. साक्षीदार आरोपीच्याच घरचा! १८० रेघांचीही पूर्ण खात्री देता येत नाही. १९९० च्या दशकात आपल्या ग्रिडची वारंवारता ४९ हर्ट्झच्या खाली घसरत असे. तेव्हा मोटर आणि दिवा दोन्ही सारखेच मंदावत, रेघा स्थिरच राहत, आणि स्वर मात्र अर्ध्या स्वरांतराच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक उतरलेला असे. शिवाय आजचे बरेच एलईडी दिवे पुरेसे लुकलुकतच नाहीत.

म्हणून साक्षीदार बाहेरचा हवा. उज्जैनच्या वेधशाळेत सम्राट यंत्राची सावली स्थानिक वेळ सांगते. प्रमाणवेळ तिच्यापुढे सरासरी २७ मिनिटे असते. आपले काम त्याहून सोपे. रेकॉर्डवर कागदाचा कपटा ठेवावा, सुई टेकवावी आणि सेकंदकाट्याच्या घड्याळावर तीन मिनिटे फेरे मोजावेत. बरोबर शंभर भरले पाहिजेत. त्र्याऐंशी भरले, तर मोटर साठ हर्ट्झची. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भरले, तर बेल्टकडे वळावे.

माळव्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि रबर सैलावते. पुलीवर तेलाचा अंश असेल, तर बेल्ट घसरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुली आणि तबकडीची कड पुसून घ्यावी. सुरुवातीला मंद आणि दहा मिनिटांनी ठीक, असे होत असेल तर बेअरिंगचे तेल घट्ट झालेले असते. नवा बेल्ट घेताना लांबीइतकीच जाडीही पाहावी, हे फार थोडे लोक सांगतात. वीस मिलिमीटरच्या पुलीवर ०.४ मिलिमीटर जास्त जाडीचा बेल्ट चढवला, तर वेग दीड टक्क्याहून अधिक वाढतो.

शेवटची परीक्षा तंबोऱ्याची. सतारीच्या द्रुत गतीत जे लपते, ते तंबोऱ्याच्या अखंड सुरात लपत नाही. सूर भराभर थरथरत असेल, तर मोटर किंवा पुली तपासावी. दर १.८ सेकंदांनी तो हेलकावत असेल, तर तो एका फेऱ्याचा काळ आहे. अशा वेळी दुसरी रेकॉर्ड लावून पाहावी. हेलकावा गेला, तर बहुधा पहिलीचे भोक मध्यापासून सरकलेले आहे, आणि त्यावर कोणताही बेल्ट उपाय नाही.