अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

दात आहेत तर चणे नाहीत, अशी म्हण आहे. आमच्या वडिलांजवळ दोन्ही होते. फुटाणे चावतानाच त्यांची खालची दाढ तुटली. वडील वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी आहेत. माझी अकरावी-बारावी होईपर्यंत त्यांनी दाढेकडे पाहिले नाही. मग एका दवाखान्यात धातूवर पोर्सिलेनचा थर असलेली कॅप बसवून घेतली. आठ महिन्यांत टवका उडाला आणि आतला धातू दिसू लागला. "माल खराब निघाला," एवढेच ते म्हणाले. माल खरोखरच खराब होता काय, हा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला.

उत्तर शोधण्यास लांब जावे लागले नाही. नेरुळला डी. वाय. पाटील व तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, कामोठ्याला एम. जी. एम. अशी दंत महाविद्यालये नवी मुंबईतच आहेत. त्यांपैकी एका ठिकाणी पदव्युत्तर वर्गातील एका ताईंनी जे समजावले व पुढे मी जे वाचले, ते माझ्यासारख्या कला शाखेच्या वाचकांसाठी येथे देत आहे.

पोर्सिलेनचा स्वभाव चहाच्या कपबशीसारखा असतो. दाब सोसतो, पण वाकणे सोसत नाही, लगेच तडकतो. म्हणून त्याची परीक्षाही वाकवूनच घेतात. एक छोटी पट्टी दोन आधारांवर ठेवून मधोमध भार वाढवत नेतात आणि तुटते त्या क्षणीचा भार नोंदवतात. त्यावरून निघणारी ताकद मेगापास्कल या एककात सांगतात. जुन्या पद्धतीच्या पोर्सिलेनची साधारण ६० ते १००, लिथियम डायसिलिकेटची ३५० ते ४००, तर झिर्कोनियाची ९०० च्याही पुढे. झिर्कोनियात चीर पडू लागली की तिच्या टोकाशी असलेले कण स्फटिकरचना बदलून किंचित फुगतात आणि चिरेलाच दाबून धरतात! हा पदार्थ ज्या खनिजापासून मिळतो ते झिरकॉन केरळात चवरा येथील किनाऱ्याच्या वाळूत सापडते. शिवाय तोंडात कधी गरम चहा तर कधी माठातले पाणी. म्हणून नमुने ५ व ५५ अंशांच्या पाण्यात आलटून पालटून हजारो वेळा बुडवूनही पाहतात.

पण खरी गोम जाडीत आहे. पट्टी किती भार पेलेल, हे जाडीच्या वर्गावर ठरते. २ मिलिमीटरऐवजी दीडच मिलिमीटर जाडी मिळाली, तर शंभर भार पेलणारी पट्टी छप्पन्नावर येते. दाढेवरची कॅप म्हणजे काही सुटी पट्टी नव्हे. तरी पातळपणाची किंमत तिलाही मोजावी लागते.

म्हणून मापाला महत्त्व. क्ष-किरण चित्रात दाढेचे मूळ किती लांब आहे, भोवती हाड किती उरले आहे, हे दिसते. परंतु चित्र म्हणजे सावली. कंदिलापुढे धरलेल्या हाताची सावली भिंतीवर मोठी पडते, तसाच दातही मोठा दिसतो. यावर एक साधी युक्ती आहे. दाताशेजारी ५ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी ठेवायची. चित्रात ती ६ भरली, तर २४ दिसणारी दाढ प्रत्यक्षात २० ची. आता सीबीसीटी या त्रिमितीय चित्रणाने हा घोळ पुष्कळच मिटला आहे. वरच्या-खालच्या दाढांमधली जागा मात्र अजूनही मेण चावायला देऊन, त्याची जाडी मोजून पाहता येते.

वडिलांनी मेण चावले. ताईंनी ते मोजले आणि विचारले, "दाढ तुटल्यावर किती दिवस तशीच ठेवली होती?" समोरचा आधार गेला की वरची दाढ हळूहळू खाली उतरते आणि कॅपची जागा कमी होते. म्हणजे पोर्सिलेनला पुरेशी जाडी मिळालीच नव्हती. वडील म्हणाले, "असेल वर्ष-दीड वर्ष." ते माझ्या फीबद्दल काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

ताईंनी वरची दाढ किंचित घासून जागा केली आणि अखंड झिर्कोनियाची कॅप बसवली. तिला एक मिलिमीटरच्या आसपास जाडी पुरते. फुटाणे मात्र वडील अजून दुसऱ्याच बाजूने खातात.