उजळायला दिलेली अंगठी

भाईंदरच्या एका बाईंची हकीगत आहे. सासूबाईंकडून आलेली त्यांची हिऱ्याची अंगठी. मधोमध एकच खडा, सुमारे पाव कॅरटचा. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी ती पंचवीस वर्षांच्या ओळखीच्या सराफाकडे उजळायला दिली. चार दिवसांनी परत आणली, खिडकीशी उजेडात धरली, तो खड्याच्या पोटात एक बारीक काळा ठिपका! हा ठिपका पूर्वी नव्हता, असे बाईंचे म्हणणे. होता, पण मळाखाली दिसत नव्हता, असे सराफाचे. लेखी पुरावा दोघांपाशीही नव्हता. पुढे बाईंनी अंगठी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत तपासून घेतली. खडा हिराच आहे आणि नैसर्गिक आहे, असा निर्वाळा मिळाला. पण तो सासूबाईंचाच आहे काय, हे प्रयोगशाळेने कशावरून सांगावे? ताडून पाहावयास आधीची नोंदच नव्हती. दोन घरांचा राबता तुटला तो तुटलाच.

आता सराफाचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. हिऱ्याला पाण्याचे वावडे आणि तेलाची मोठी आवड. त्याच्या पृष्ठभागावर पाणी नीट पसरत नाही, स्निग्ध पदार्थ मात्र चटकन चिकटतो. या गुणाचा उपयोग दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या खाणवाल्यांनी गेल्याच्या मागील शतकाच्या अखेरीस करून घेतला. चरबी फासलेल्या उतरत्या टेबलावरून ते खडीमिश्रित पाणी सोडीत. खडी वाहून जाई, हिरे चरबीला चिकटून राहत. आपल्या घरी हेच काम नकळत चालते. कणीक मळताना तेल, डोक्याला तेल, हाताला मलम, सकाळच्या विरार लोकलमध्ये शेकडो हातांनी धरलेली कडी! महिन्याभरात खड्याच्या तळाशी चिकट थर बसतो. हिऱ्याचे तेज म्हणजे वरून आत शिरलेला प्रकाश तळच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर येणे. तळाशी तेलकटपणा साचला की तो प्रकाश खालच्या खाली निसटतो आणि खडा मेलेला दिसतो. मळ निघाला म्हणजे तेज परत येते, आणि तेजाबरोबर जन्मजात डागही उघडे पडतात. चेहरा धुतल्यावर तीळ दिसावा, तसेच हे.

मळाचे आणखी एक कारस्थान आहे. खड्याला धरून ठेवणारी सोन्याची बारीक नखे झिजली, तरी सैल झालेला खडा कित्येकदा त्या चिकट मळानेच जागेवर टिकून असतो. अंगठी स्वच्छ होऊन येते, आठ दिवसांत खडा पडतो, आणि दोष सराफाच्या माथी बसतो. म्हणून देण्यापूर्वी अंगठी कानाशी धरून हळूच हलवून पाहावी. आत खुळखुळ ऐकू आली तर आधी नखे बसवून घ्यावीत, उजाळा मागून.

सराफांविषयी आपल्या भाषेत म्हणी पुष्कळ आहेत, त्यांतील कित्येक अन्यायाच्या आहेत. तरी खडा बदलण्याचे प्रकार मुळी होतच नाहीत, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. तेव्हा बदलला तर तो ओळखायचा कसा? क्युबिक झिरकोनियाचा कृत्रिम खडा हिऱ्यापेक्षा पुष्कळ जड असतो. एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम. पाव कॅरटचा हिरा 50 मिलिग्रॅमचा, तर त्याच आकाराचा क्युबिक झिरकोनिया 80 मिलिग्रॅमच्या वर जातो. सराफाच्या आजच्या काट्यावर एवढा फरक लपत नाही. मात्र मळ निघाल्याने आणि घासण्यात सोने किंचित झिजल्याने थोडी तूट येतेच. तिचा बाऊ करू नये. मोइसनाइट नावाचा दुसरा नकली खडा वजनाने हिऱ्याहून थोडा हलका, पण उष्णता हिऱ्यासारखीच चटकन वाहून नेतो, त्यामुळे दुकानातील साध्या तपासणी-यंत्राला तो फसवितो. कारखान्यात घडविलेला हिरा तर वजनाने, काठिण्याने, सर्वार्थाने हिराच. त्याची पारख काट्याने होत नाही, प्रयोगशाळेची उपकरणेच लागतात. आणि दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असला म्हणून निश्चिंत होणाऱ्यांना सांगावयाचे ते हे, की तो क्रमांक सोन्याच्या शुद्धतेचा आहे. हिऱ्याविषयी तो अवाक्षरही बोलत नाही.

खड्याची खरी ओळख त्याच्या डागांतच असते. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहिले, तर कोठे ठिपका, कोठे पिसासारखी रेघ, असा आत एक नकाशाच दिसतो, आणि दोन हिऱ्यांचे नकाशे सारखे निघणे जवळजवळ अशक्य. ज्या डागाने बाईंच्या मनात संशय पेरला, तोच आधी टिपून ठेवला असता तर साक्षीला उभा राहिला असता! काही हिऱ्यांच्या कडेवर प्रमाणपत्राचा क्रमांकही लेसरने कोरलेला असतो. तोही भिंगातून वाचता येतो.

नोंदीचे महत्त्व किती, याचे मोठे उदाहरण आपल्या नाशिकचे आहे. त्र्यंबकेश्वराशी ज्याचे नाव जोडलेले आहे, तो नाशिकचा हिरा 1818 साली पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा तो सुमारे 90 कॅरटचा होता. लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या जवाहिऱ्यांनी त्याला नव्याने पैलू पाडले, पुढे 1940 साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा पाडले, आणि तो 43.38 कॅरटचा झाला. निम्म्याहून अधिक अंग गेले, रूप बदलले, तरी तो नाशिकचाच हे आपण आज म्हणू शकतो, ते या प्रवासाच्या नोंदी राहिल्या म्हणून.

आपली नोंद एवढी मोठी नको. अंगठी प्रथम घरीच कोमट पाण्यात, सौम्य साबण आणि मऊ ब्रश घेऊन धुवावी. पण वाटीत, मोरीवर नव्हे. (पाचू-मोत्यांच्या दागिन्यांना मात्र हा प्रयोग करू नये.) मग भिंगातून नीट पाहून भ्रमणध्वनीवर छायाचित्र घ्यावे. मळक्या खड्याचे छायाचित्र घेतले, तर वाद पुन्हा तेथेच येऊन उभा राहतो. दुकानात समोर वजन करवून घ्यावे आणि पावतीवर वजन, खड्यांची संख्या, अंदाजी आकार, काय काम करावयाचे, हे लिहून मागावे. नुसते धुवायचे असेल तर ध्वनिकंपनाच्या यंत्रात ते काही मिनिटांचे काम आहे. समोर बसून करून घ्यावे. नखांचे काम असेल तर अंगठी बहुधा पुडीत बांधून कारागिराकडे जाते. ती कोणाकडे जाणार, कधी येणार, हे विचारण्यात अवमान कसला?

कायदाही येथे उभा आहे. 1872 च्या करार कायद्यात याला निक्षेप म्हणतात. आपल्या तितक्याच मोलाच्या वस्तूची सामान्य शहाणा माणूस जेवढी काळजी घेईल, तेवढी सराफाने तुमच्या अंगठीची घेतली पाहिजे, असे कलम 151 सांगते. गंमत अशी, की कलम 170 मध्ये मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा कारागिराचा हक्क समजावताना कायदेकर्त्यांनी दाखला दिला आहे तो जवाहिऱ्याकडे पैलू पाडावयास दिलेल्या हिऱ्याचाच! तेव्हा पावती सराफाच्याही उपयोगाची. वाद झालाच तर मिरा-भाईंदरकरांना ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण तेथेही पहिला प्रश्न येतो तो, दिले काय होते, हाच.

काही जणींना असे लिहून मागताना संकोच वाटतो; ओळखीचा माणूस, काय म्हणेल? आम्ही पाहिलेले जुने सराफ दागिना हाती घेताच तो काट्यावर ठेवीत, वजन मोठ्याने सांगत आणि आपल्या वहीत मांडून मगच गिऱ्हाइकाला चहा विचारीत.