वहीतली फौज

आजोबांच्या दुकानाची एक वही माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणीची, १९४७च्या दिवाळीत पूजलेली आणि पुढच्या दिवाळीला मिटलेली. अक्षर मोडी. भूगोलाची मास्तरकी संपल्यावर मी मोडी शिकलो ती या वहीसाठीच. तोवर घरात सगळ्यांची समजूत होती की तीत मीठ-गूळ-रॉकेलापलीकडे काही नसणार. पण जमाखर्चाच्या कडेला, अगदी बारीक अक्षरात, दोन शब्द चार वेळा लिहिलेले सापडले : 'फौज येणार'.

चारही वेळा फौज आली नाही. ज्या वेळी आली, त्या वेळी आजोबांनी काही लिहिलं नव्हतं.

आमचं गाव अंबाजोगाई. सरकारी दप्तरात तेव्हा मोमिनाबाद, जिल्हा भीर, म्हणजे आजचा बीड, राज्य निजामाचं. देश स्वतंत्र झाला तरी आम्ही नव्हतो. २९ नोव्हेंबर १९४७ला दिल्ली आणि निजाम यांच्यात वर्षभरासाठी 'जैसे थे' करार झाला. गावोगाव रझाकार, त्यांचा पुढारी कासीम रझवी, लातूरचा वकील. इकडे स्टेट काँग्रेसचे स्वामी रामानंद तीर्थ. ते पूर्वी आमच्याच गावच्या योगेश्वरी शाळेत होते. सरहद्दीपलीकडे भारत, आणि दुकानात मीठ मिळेना. अशा वेळी फौज कधी येणार हा प्रश्न कोणी हौसेने विचारत नाही. सोनंनाणं पुरायचं की पोरंबाळं घेऊन बार्शीकडे निघायचं, हे त्यावर ठरत असतं.

गेल्या वर्षी, २०२५च्या मे महिन्यात, हाच प्रश्न माझ्या पुतण्याने मोबाईलवर मला दाखवला. परदेशात म्हणे अशा प्रश्नांवर पैसे लावायचे बाजार चालतात : अमुक देश अमुक तारखेच्या आत हल्ला करील का? 'होय'चा भाव शंभरात बासष्ट, तर शक्यता बासष्ट टक्के. मोंढ्यात तुरीचा भाव फुटतो तसाच हा. पुतण्या म्हणाला, "काका, बासष्ट म्हणजे होणारच की." म्हटलं, बाबा, बासष्ट टक्के पाऊस सांगितला की शंभरातले अडतीस दिवस कोरडे जातात, आणि आपल्या जिल्ह्यात ते अडतीस कोणाच्या वाट्याला येतात ते तुला सांगायला नको. अंदाज बांधणाऱ्याची परीक्षा एका दिवसावर होत नसते. त्याने सत्तर टक्के म्हटलेल्या शंभर गोष्टींपैकी सत्तरच्या आसपास घडल्या का, हे मोजावं लागतं. त्यासाठी चुकलेले अंदाजही लिहून ठेवावे लागतात. आमच्याकडे भेंडवळची घटमांडणी पिकापाण्याबरोबर देशाच्या संरक्षणाचंही भाकीत करते. खरं ठरलं की गावभर होतं, खोटं ठरलं की कोणाला आठवत नाही. आजोबांनी चुकलेले चारही अंदाज खोडले नाहीत, म्हणून मला ते मोठे वाटतात.

ते चार अंदाज कशावर होते, हे तिथी लावून पाहिलं. पहिला पौषातला. जानेवारी १९४८मध्ये कन्हैयालाल मुन्शी भारताचे एजंट जनरल म्हणून हैदराबादेत आले होते. दुसरा ज्येष्ठातला : माउंटबॅटन यांनी जाता जाता जुळवलेली बोलणी जूनमध्ये निजामाने मोडली. तिसरा आषाढातला : बार्शी-सोलापूर भागातल्या नान्नजजवळ भारतीय लष्करावर हल्ला झाला आणि लष्कराने ते गाव ताब्यात घेतलं. चौथा श्रावणातला, निजाम सरकार संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार घेऊन गेलं तेव्हाचा. म्हणजे माणूस वेडा नव्हता. दर वेळी बातमी खरी होती, कारण सबळ होतं, आणि तरी काही झालं नाही.

का झालं नाही? कारण दिल्लीतच ठरलं नव्हतं. सरदार पटेलांना कारवाई हवी होती. नेहरू थांबायला सांगत होते. काश्मीरची लढाई चालू होती. लष्करप्रमुख जनरल रॉय बुचर इंग्रज, आणि त्यांचं मत विरुद्ध. योजना मात्र केव्हाच तयार होती. दक्षिण कमांडच्या जनरल गोडार्ड यांनी ती आखली होती. कागद तयार असतो, शिपाई तयार असतो, आणि निर्णय नसतो. आपण बाहेरचे लोक समजतो की उत्तर कुठल्या तरी कपाटात बंद आहे आणि आपल्याला फक्त किल्ली सापडत नाही. बऱ्याच वेळा कपाट रिकामं असतं. ज्याने हल्ला करायचा त्यालाच अजून माहीत नसतं, तर मोमिनाबादच्या किराणा दुकानदाराला कुठून कळणार?

म्हणून हल्ला होईल का आणि कधी होईल, हे दोन प्रश्न वेगळे धरावेत. पहिल्याचं उत्तर शोधताना मी बोलण्याकडे बघतो, पण कुठल्याही बोलण्याकडे नाही. दमदाटी फुकट असते. रझवी तर लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायला निघाला होता. किंमत लागते ती परतीची वाट बंद करणाऱ्या बोलण्याला. ७ सप्टेंबर १९४८ला नेहरूंनी सभागृहात उभं राहून सांगितलं : रझाकार संघटना मोडा आणि भारतीय सैन्याला सिकंदराबादेत परत येऊ द्या. निजामाने नकार दिला. नाही म्हणत आलेल्या माणसाने भर सभेत असं बोलल्यावर मागे फिरायला जागा राहत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भाषणात नसतं. ते रस्त्यात, इंधनात, दवाखान्यात शोधावं लागतं. २०२२च्या जानेवारीत रशियाने युक्रेनच्या सीमेजवळ रक्ताचा साठा नेल्याची बातमी आली, तेव्हा जाणत्यांनी कान टवकारले. सरावाला रणगाडे लागतात, रक्ताच्या पिशव्या एवढ्या कशाला? तरीही १६ फेब्रुवारी ही तारीख सगळीकडे गाजली आणि कोरडी गेली; हल्ला झाला २४ला. होणार का हे बरोबर आलं, कधी हे आठ दिवसांनी चुकलं. या धंद्यात याला चांगला अंदाज म्हणतात.

आता आमच्या आजोबांची चूक, जी मला मास्तर म्हणून सगळ्यात आवडते. श्रावणानंतर त्यांनी लिहिणं थांबवलं त्याचं कारण आजी सांगायची. ते म्हणाले होते, "आता दसऱ्यापर्यंत काही नाही. काळ्या रानात बैलगाडी रुतायलीय, रणगाडा कसा यावा?" आपल्याकडे मोहीम निघते ती सीमोल्लंघनानंतर, नद्या उतरतात, चारा तयार असतो, वाटा वाळतात. शेकडो वर्षांचं शहाणपण आहे ते. १९७१मध्ये माणेकशॉ यांनी इंदिरा गांधींना एप्रिलात थांबायला सांगितलं, त्यातही पावसाळा हे एक मोठं कारण होतंच. पण १९४८मध्ये दसरा महिनाभर लांब असताना, महालक्ष्म्या नुकत्याच होऊन गेल्या असताना, सोमवारी १३ सप्टेंबरला पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरींची फौज सोलापूरकडून आत शिरली.

आजोबांचा हिशेब रानातून जाणाऱ्या फौजेचा होता. चौधरींची फौज सडकेने गेली. सोलापूर-हैदराबाद पक्का रस्ता होता. अडचण चिखलाची नव्हती, पुलांची होती. पाऊसकाळात पूल उडवला असता तर रणगाडे नदीकाठीच बसले असते. म्हणून पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी हाती घेतला. भूगोल आजोबांनाही येत होता, पण बैलगाडीचा.

शिवाय दिल्लीला दसरा परवडणारा नव्हता. नोव्हेंबरअखेर करार संपणार होता आणि तक्रार पॅरिसला सुरक्षा परिषदेपुढे येऊ घातली होती. ती १६ तारखेला निघालीसुद्धा, तोवर निम्मं काम झालं होतं. गावात आजही कोणी तरी सांगतो की जिना गेले म्हणून तारीख निघाली. जिना ११ तारखेच्या रात्री गेले. सोलापूर आणि विजयवाडा अशा दूरदूरच्या बाजूंनी फौजा दीड दिवसात उभ्या राहत नाहीत, मीठसुद्धा पोचत नाही. घटना आणि तारीख शेजारी दिसली की आपण त्यांचं लग्न लावून मोकळे होतो.

अलीकडे तर लोक दिवसच मोजतात. उरी १८ सप्टेंबर २०१६, उत्तर २९ला : अकरा दिवस. पुलवामा १४ फेब्रुवारी २०१९, बालाकोट २६ला : बारा. पहलगाम २२ एप्रिल २०२५, सिंदूर ७ मेच्या पहाटे : पंधरा. सुरेख दिसतं. पण या रांगेत डिसेंबर २००१चा संसदेवरचा हल्ला मांडा : सैन्य सरहद्दीवर महिनोन् महिने बसलं आणि परत आलं. २६ नोव्हेंबर २००८ मांडा : मुंबई जळली आणि विमान उडालं नाही. झालेले हल्लेच मोजले तर प्रत्येक सरकार हल्ला करतंच. मे २०२५मध्ये सरकारने ७ तारखेसाठी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम जाहीर केली. मला वाटलं, तालीम आधी, मग खेळ. अजून दोन-चार दिवस आहेत. पुतण्याने पहाटे उठवलं तेव्हा खेळ होऊन गेला होता. घराण्याचा वारसा मी चालवला, एवढंच.

आमच्या गावात फौज आली तेव्हा गोवळकोंडा लान्सर्सची पलटण इथे होती. तिने नावापुरता प्रतिकार केला आणि हत्यारं ठेवली. आजीला बंदुकीपेक्षा धुरळा आठवायचा. भाद्रपदात धुरळा कसा, असं मी विचारलं की ती चिडायची. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत सगळं संपलं.

संपलं म्हणजे, अंदाजात जेवढं होतं तेवढं. फौज आल्यावर काय होईल याचं भाकीत वहीत कुठेच नाही. शेजारच्या उस्मानाबादेत, गुलबर्गा, बीदर, नांदेड जिल्ह्यांत नंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने राज्यभरातल्या मृतांचा आकडा सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान धरला, आणि तो अहवाल कित्येक दशकं दाबून राहिला.

आश्विनातल्या पानावर उधारीची यादी आहे. एका पिंजाऱ्याच्या नावावर साडेचार रुपये, हाली सिक्का. दिवाळीला वही मिटताना बाकी सगळ्यांची बाकी नव्या वहीत ओढली किंवा 'बुडीत' म्हणून खोडली. त्याची ना ओढली, ना खोडली. नावासमोर थोडी जागा तशीच सोडली आहे.