बोलणारे खांब, मुके खांब

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत शिरताना आधी कोळशाचे ट्रक भेटतात. कापसाची जुनी गोदामं बघायला आलोय, असं सांगितलं तर चहावाला म्हणाला, "आता काय पाह्यता भाऊ? सीझनमध्ये याचं नं."

लोकनायक बापूजी अणे इथले, राम शेवाळकर इथल्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्य, यवतमाळ जिल्ह्याचं नाव १९०५ पर्यंत 'वणी जिल्हा' होतं, रंगनाथस्वामींच्या जत्रेतला बैलबाजार... एवढं कुठलाही वणीकर पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतो. गोदामाचं मात्र विचारावं लागतं.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला भाव आला. पुढे ठिकठिकाणी जिन आले, प्रेस आले. सरकी वेगळी झाली, रुईच्या गठाणी बांधल्या गेल्या. त्या पाऊस आणि ठिणगीपासून सांभाळायला गोदामं हवीच होती. सागाचं जंगल मारेगाव-झरीकडे, हाकेच्या अंतरावर.

अशाच एका गोदामाचं कुलूप सत्तरीतल्या एका मिस्त्रींनी उघडलं. आत सरकीचा खवट वास अजून आहे. मिस्त्रींनी बोटाच्या पेरानं खांबावर टकटक केली, कान लावला. "हा बोलते." पुढच्या खांबावर टकटक. "हा मुका झाला." उधईनं आतून पोखरलेला खांब वाजत नाही, बद्द आवाज देतो. वरच्या तुळयांना खिळा जवळजवळ नाहीच, लाकडाच्याच खुंट्या. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर. "लाकूड मातीले टेकू द्याचं नाही, एवढीच अक्कल होती जुन्या मान्साले," ते म्हणाले. मधे कुणी तरी फरशी गुळगुळीत दिसावी म्हणून तळखडे सिमेंटात बुडवले. ओल बाहेर पडेना, ती खांबात चढली. मुके झालेले सगळे त्याच बाजूचे.

नागपुरात १८७७ च्या एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. कोचीत व्यापारी कंपनीच्या जुन्या अ‍ॅस्पिनवॉल हाउसमध्ये २०१२ पासून कलेचं बिनाले भरू लागलं. वणीतही पुनर्वापर होतो, फक्त तुकड्यांनी: खरेदीदार येतो, घनफूट मोजतो, आणि गोदाम कुणाच्या बंगल्याचा दरवाजा होऊन जातं. सागाला भाव आहे, गोदामाला नाही.

भर दुपारी आत इतका गारवा होता, की मी म्हटलं, इथं स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका झाली तर? मिस्त्री हसले नाहीत. वर बघत म्हणाले, "पोरं तं बसतीन. पण पंख्याची वायर कुठून नेसान? त्या तुळईवर शंभर वर्साची रुई बसली आहे. एक ठिणगी पुरते. आधी ते झाडा लागते."

मग झाडायला किती दिवस लागतील, याचा हिशेब ते कुलूप लावेपर्यंत बोटांवर करत होते. शेवटी म्हणाले, "चार मानसं, आठ दिवस. बांबूची परांची माझ्याकडं आहे."