गणित मंडळांचे मूळ पुस्तकांच्या टंचाईत

यवतमाळ - रामानुजन यांची जयंती, २२ डिसेंबर, २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरी होते. त्या निमित्ताने महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची गणित मंडळे एरवीपेक्षा अधिक जागी होतात. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाला, १९८३ नंतर अमरावती विद्यापीठाला जोडली गेली. विद्यापीठ बदलले, तरी मोठ्या शहरापासून दूर गणित शिकणाऱ्याचा एकाकीपणा सरत नाही. अशा मंडळांची कल्पना मुळात निघाली ती याच एकाकीपणातून.

मद्रास इलाख्यातील डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांना गणिताचे वेड होते; परंतु परदेशी ग्रंथ व नियतकालिके एकट्याच्या पगारात परवडणारी नव्हती. सर्वांनी वर्गणी काढून ती मागवावीत व आळीपाळीने वाचावीत, या हेतूने त्यांनी १९०७ मध्ये 'अॅनालिटिक क्लब' स्थापन केला. हीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. पहिले भारतीय सीनियर रँग्लर र. पु. परांजपे तेथे प्राचार्य होते.

संस्थेच्या नियतकालिकात वाचकांसाठी प्रश्न छापले जात. पदवी नसलेल्या रामानुजन यांनी १९११ मध्ये त्यात एक कोडे घातले : एकात एक गुंतलेले, कधीच न संपणारे वर्गमूळ, त्याची किंमत किती? सहा महिने कोणाचेही उत्तर आले नाही. अखेर त्यांनीच ते दिले - ३. प्रश्नकर्त्याकडे पदवी आहे काय, हे तेथे कोणी विचारले नाही, ही गोष्ट आजच्या मंडळांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे. केवळ वक्त्यांचे सत्कार करण्यासाठी मंडळ कशाला हवे?

फर्ग्युसनचेच विद्यार्थी द. रा. कापरेकर यांना स्वतंत्र गणिती कामाबद्दल १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे ते देवळालीत शाळामास्तर राहिले. त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या फळ्यावर सहज पडताळता येते. सर्व अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. उत्तरावर तेच पुन्हा करावे. ३५२४ पासून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. सातपेक्षा अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत.