दूध संस्थेसाठी शीतयंत्र घेताना



गावच्या दूध संस्थेने शीतयंत्र घ्यायचे ठरवले की सभेत पहिला प्रश्न निघतो तो लिटरचा. "हजार लिटरचं घ्यायचं की दोन हजारचं?" मग कोटेशने मागवली जातात, आणि ज्याचा आकडा कमी त्याला ऑर्डर जाते. पण लिटर हे टाकीचे माप झाले. टाकी दूध गार करीत नाही, तिच्यामागचे यंत्र करते. ते यंत्र कोणत्या जातीचे आहे, किती ताकदीचे आहे आणि आपल्या गावच्या विजेला, पाण्याला व उन्हाळ्याला सोसणारे आहे का, याची चौकशी फार थोड्या संस्था करतात. कर्ज मात्र सगळ्या सभासदांच्या डोक्यावर बसते.

१९७० साली देशात दुधाच्या महापुराची योजना सुरू झाली तेव्हा गावातले दूध कॅनमधून तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर जायचे आणि तिथे गार व्हायचे. आता ते यंत्र गावात आले आहे. तेव्हा ते पारखून घेण्याची जबाबदारीही गावावरच आली.

धार काढल्याबरोबर दुधाची ऊब जनावराच्या अंगाइतकी असते. केंद्रावर येईपर्यंत ते ३५ अंशांच्या आसपास राहते. या उबेत दुधातले जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. सकाळी सहाला काढलेले दूध दहापर्यंत तसेच राहिले तर किती पटी झाल्या, हे शाळेतला मुलगासुद्धा सांगेल. दूध ४ अंशांपर्यंत उतरले की ही वाढ अगदी मंदावते. जंतू मरत नाहीत, एवढे ध्यानात ठेवा. कास न धुता, कळकट भांड्यात काढलेले दूध जगातले कोणतेही यंत्र चांगले करून देणार नाही. यंत्र फक्त आहे ते टिकवते, आणि तेसुद्धा वेळेत गार केले तर. वेळेत म्हणजे साधारण तीन तासांच्या आत.

आधी हिशेब

कागद-पेन्सिल घ्या. एक लिटर दूध एक अंशाने उतरवायला जवळजवळ एक उष्मांक काढून घ्यावा लागतो. हजार लिटर दूध ३५ वरून ४ वर, म्हणजे ३१ अंश उतरवायचे, तर सुमारे ३० हजार उष्मांक झाले. बर्फाच्या भाषेत सांगायचे तर पावणेचारशे किलो बर्फ पूर्ण वितळावा, इतके ते काम आहे. हे तीन तासांत उरकायचे तर तासाला १० हजार उष्मांक ओढणारे यंत्र हवे.

विक्रेते हे 'टनात' सांगतात. हा टन वजनाचा नव्हे. दिवसभरात सुमारे ९०० किलो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता ओढणारे यंत्र ते एक टनाचे. तासाला साधारण तीन हजार उष्मांक. तेव्हा आपल्या हजार लिटरला सव्वातीन टन लागले, आणि उन्हाळ्याची तूट धरून चार.

आता खरी मेख. बाजारात 'हजार लिटरचा बल्क कूलर' म्हणून जो मिळतो, तो बहुतेक वेळा दोन धारांचा असतो. म्हणजे सकाळचे पाचशे आणि संध्याकाळचे पाचशे लिटर धरून त्याचे यंत्र बसवलेले असते. एका वेळी निम्मी टाकी गार करायची, एवढीच त्याची ताकद. तुमच्या संस्थेत सकाळी एकदमच हजार लिटर येत असेल तर टाकीत दूध मावेल, पण गार व्हायला जवळपास दुप्पट वेळ लागेल. आणि टँकर आला की गडी आत थर्मामीटर बुडवून म्हणणार, "दूध अजून बारावर आहे, नेता येणार नाही." टाकी चारही धारांची, म्हणजे दोन दिवसांच्या दुधाची असेल तर तिचे यंत्र एका वेळी चौथाईच दूध गार करते. टँकर एक दिवसाआड येणाऱ्या गावाला ती ठीक. रोज टाकी भरणाऱ्या गावाला ती घातक.

हे ओळखायचे कसे? आयएसओ ५७०८ या मानकाप्रमाणे बनवलेल्या टाकीच्या पत्र्यावर तीन खुणा असतात. पहिला आकडा २ किंवा ४, तो धारांचा. मधले अक्षर ए, बी किंवा सी, ते बाहेरच्या उन्हाचे: 'ए' जातीचे यंत्र बाहेर ३८ अंश असताना आपले पूर्ण काम देते आणि ४३ अंशांपर्यंत सुरक्षित चालते, 'बी' चे हेच आकडे ३२ आणि ३८, 'सी' थंड मुलखासाठी. शेवटचा रोमन आकडा वेळेचा: एक असेल तर अडीच तास, दोन असेल तर तीन, तीन असेल तर साडेतीन. आपल्याकडे '२ बी दोन' सर्रास दिला जातो. महाबळेश्वराच्या अंगाला तो चालून जाईल. अकोला, जळगाव, चंद्रपूरकडच्या संस्थांनी मात्र 'ए' चाच आग्रह धरावा, चार पैसे जास्त गेले तरी. वैशाखात तिकडे पारा कुठे जातो ते विक्रेत्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

हिशेब करताना दूध कोणत्या दिवसांतले धरायचे? पुष्टकाळातले. दिवाळीनंतर म्हशी व्यालेल्या असतात, चारा हिरवा असतो, तेव्हा कॅन उतू जातात. चैत्रातल्या कृशकाळाचा आकडा धरून यंत्र घेतले तर ऐन कमाईच्या दिवसांत अर्धे दूध बाहेर ताटकळेल.

थेट गार करणारे, की बर्फ साठवणारे?

यंत्राच्या मुख्य जाती दोन. पहिल्या जातीत गॅसच्या नळ्या टाकीच्या तळालाच चिकटवलेल्या असतात. गॅस तिथे उकळतो, तळ गार होतो, ढवळणी फिरते आणि दूध थेट गार होते. बांधणी सुटसुटीत, वीज कमी. हजार लिटरला साधारण १४ युनिट धरा. पण सगळे काम त्या तीन तासांतच व्हायचे असते, म्हणून मोटार मोठी लागते, सहा अश्वशक्तीच्या घरातली. आणि नेमकी त्याच तीन तासांत वीज गेली तर? मग जनरेटर हवाच. तोही मोटार सुरू होताना जो कितीतरी पट करंट ओढला जातो तो पेलणारा. पुष्कळ ठिकाणी कूलरची किंमत धरतात आणि जनरेटरची विसरतात. डिझेलचा खर्च तर दर महिन्याला छातीवर बसतो. या जातीत आणखी एक सांभाळायचे: ढवळणी बुडेल इतके दूध आत आल्याशिवाय यंत्र चालू करू नये. तळाशी चार कॅन दूध असताना बटण दाबले तर ते पत्र्याला गोठते.

दुसऱ्या जातीत यंत्र दुधाला हात लावत नाही. पाण्याच्या हौदात नळ्या असतात, त्यांच्यावर यंत्र सावकाश बर्फाचा थर चढवते. दूध आले की हौदातले बर्फगार पाणी पंपाने टाकीभोवती फिरवायचे. म्हणजे आपण ज्वारी पेवात साठवतो तशी ही गारवा साठवण्याची युक्ती. रात्री वीज असेल तेव्हा आठ तास यंत्र चालवा, सकाळी वीज नसली तरी लहानशा जनरेटरवर पंप आणि ढवळणी चालली की पुरे. काम आठ तासांत पसरल्यामुळे मोटारही निम्मीच, तीन अश्वशक्तीच्या आसपास पुरते. पाणी शून्याच्या खाली जात नाही, त्यामुळे दूध गोठण्याची भीती नाही. तोटा असा की बर्फ करायला गॅस जास्त गार करावा लागतो, म्हणून १४ च्या जागी १७-१८ युनिटे जळतात, जागा जास्त लागते, आणि हौद गळू लागला की डोकेदुखी. बर्फ पुरेसा झाला की नाही हे पाहणारा माणूसही हवा.

मग कोणते घ्यावे? गावठाणाच्या फीडरवर दिवसरात्र भरवशाची थ्री फेज वीज असेल तर थेट जात घ्या, उगाच पसारा नको. शेतीपंपांच्या फीडरवर असाल, वीज ठराविक तासच आणि पाळीपाळीने येत असेल, तर बर्फाची जात जास्त वीज खाऊनही शेवटी स्वस्त पडते. कारण युनिटामागे डिझेलची वीज नेहमीच महाग. दिवसाला दोन-तीनशे लिटरचीच संस्था असेल तर सिंगल फेजवर चालणारी लहान थेट यंत्रे मिळतात. तिथे एवढा विचार करायचे कारण नाही.

उष्णता टाकायची कुठे?

दुधातून काढलेली उष्णता कुठे तरी सोडावीच लागते. ती सोडणाऱ्या भागाला कंडेन्सर म्हणतात. तो वाऱ्यावर गार होणारा असतो किंवा पाण्यावर.

वाऱ्यावरच्याला पाणी लागत नाही, देखभाल कमी. गावासाठी बहुतेक वेळा तोच बरा. पण तो बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापतो तेव्हा कुठे उष्णता टाकतो. बाहेर ४५ असेल तर आत साठच्या घरात जाते, दाब वाढतो आणि यंत्र आपोआप बंद पडते. नेमके दुपारी. संस्था मग विक्रेत्याला शिव्या घालते. पण पाहायला जावे तर कंडेन्सर पत्र्याच्या खोलीत कोंडलेला, समोर पेंडीच्या गोण्यांची थप्पी, पात्यांत कडब्याचा भुसा. स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतोय बिचारा! तो उत्तरेच्या अंगाला, सावलीत, मोकळ्या हवेत ठेवा. पाती महिन्यातून एकदा साध्या पाण्याच्या धारेने धुवा. कोकणात खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमची पाती खातात, म्हणून लेप दिलेली पाती मागून घ्यावीत.

पाण्यावरचा कंडेन्सर कोरड्या, कडक उन्हाच्या मुलखात फार छान चालतो. कारण कूलिंग टॉवरमध्ये पाण्याचे बाष्प होते आणि माठातल्या पाण्यासारखे ते गार होते. पाणी लागते तरी किती? हजार लिटर दुधामागे सत्तर-पंचाहत्तर लिटर हवेत जाते, मधूनमधून हौद बदलायचे धरून शंभर. एवढे कुठल्याही गावाला जड नाही. अडचण पाण्याच्या गुणाची आहे. मराठवाड्यात, सोलापूरकडे बोअरचे पाणी जड असते. चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो तसाच नळ्यांत बसतो, आणि वर्षाच्या आत यंत्र दमू लागते. पाणी मऊ करण्याची सोय आणि नळ्या साफ करणारा माणूस असेल तरच या वाटेला जावे. कोकणातल्या दमट पावसाळ्यात तर या जातीचा फायदाही फारसा उरत नाही.

स्क्रू कॉम्प्रेसर, अमोनियाची यंत्रे, वाफेवर चालणारी शोषण यंत्रे ही नावे कोटेशनात दिसली तर गोंधळू नका. ती जिल्हा संघाच्या मोठ्या डेअरीची किंवा कारखान्यांची कामे. अमोनिया काटकसरीचा खरा, पण विषारी. शिकलेला ऑपरेटर पाळीपाळीने हजर नसेल तिथे तो आणू नये. गावाच्या टाकीला बंद डब्यातला कॉम्प्रेसर पुरे. गॅस मात्र विचारून घ्या. आर-२२ हा जुना गॅस ओझोनच्या थराला बाधतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे तो बाद होत चालला आहे. कुणी त्याच्यावरचे यंत्र स्वस्तात देऊ करीत असेल तर पुढे गॅस भरायला तो महाग पडेल आणि नंतर मिळेनासा होईल.

विहिरीचा गारवा फुकट

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. विहिरीचे पाणी उन्हाळ्यातही पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास असते. टाकीत जाण्यापूर्वी दूध पत्र्यांच्या शीतकातून नेले आणि पत्र्यांच्या दुसऱ्या अंगाने हे पाणी सोडले, तर दूध ३५ वरून २८ पर्यंत आपोआप उतरते. एकतीस अंशांपैकी सात अंशांचे, म्हणजे जवळजवळ पावपट काम यंत्राशिवाय झाले! तेवढी वीज वाचली. पाणी वाया जात नाही. कोमट झालेले ते पाणी गुरांच्या हाळात सोडा. फक्त हे पत्रे रोज न चुकता धुतले पाहिजेत. नाही तर त्यांच्या बेचक्यांत जंतूंचीच शेती होईल.

कोणतीही जात घ्या, विजेच्या बाबतीत तीन गोष्टी बरोबरच मागून घ्या. व्होल्टेज पडले की यंत्र तोडणारे, एक फेज गेला की तोडणारे, आणि वीज परत आल्यावर तीन-चार मिनिटे थांबवून मग सुरू करणारे उपकरण. कॉम्प्रेसर जळतात त्यातले बरेच या तिन्हींच्या अभावी.

शेवटी पैशाचे. यंत्र बसवून झाले, हार घातला, नारळ फुटला, म्हणून सगळी रक्कम चुकती करू नका. ऑर्डरमध्येच लिहून घ्या की शेवटचा हप्ता चाचणीनंतर. चाचणी दुधावर नको, पाण्यावर घ्या. दोन धारांच्या टाकीत निम्म्या मापापर्यंत ३५ अंशांचे पाणी भरा, बाहेरचे तापमान लिहा, घड्याळ लावा आणि पाणी ४ अंशांवर यायला किती वेळ लागला ते सभासदांसमोर वहीत नोंदवा. पत्र्यावर रोमन दोन लिहिले असेल तर तीन तासांत व्हायला हवे. मग संध्याकाळच्या दुधाइतके गरम पाणी आणखी, हळूहळू ओता. एकत्र झालेल्या पाण्याचा पारा दहाच्या वर चढता कामा नये. चाचणी शक्यतो दुपारी ठेवा, आणि दिवाळीत बसवलेल्या यंत्राची उन्हाळ्यात पुन्हा एक चाचणी घेण्याची अटही त्याच कागदावर घाला.