पैसा सरकारचा, सल्ला आईबाबांचा!

दोस्तांनो, शाळेत पालकसभा असली की घरी काय होतं, ते वेगळं सांगायला नको. आई म्हणते, "या वेळी तुम्ही जा." बाबा म्हणतात, "मला सुट्टी मिळणार नाही, तूच जा." शेवटी कुणीतरी एक जण जातो. सभेत बोलणं होतं ते मार्कांचं, गैरहजेरीचं, वाईट अक्षराचं आणि सहलीच्या पैशांचं. पण शाळेला सरकारकडून आलेला पैसा कशावर खर्च करायचा, हे तुमच्या आईबाबांना कधी कुणी विचारलं आहे का?

अमेरिकेत एक काळ असा होता, की गरीब मुलांसाठी आलेला पैसा खर्च करायच्या आधी शाळेला त्या मुलांच्या आईबाबांचा सल्ला घ्यावाच लागे. तसा कायदाच होता! त्यासाठी शाळाशाळांत 'पालक सल्लागार परिषद' असायची. ती का जन्माला आली, काय करायची आणि पुढे तिचं काय झालं, हे मोठ्यांनीही वाचावं असं आहे.

जुन्या शाळेच्या अंगणातली सही

अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळा म्हणजे फी न घेणाऱ्या सरकारी शाळा. त्यांचा बहुतेक खर्च राज्य सरकार आणि स्थानिक शालेय जिल्हे करतात. शालेय जिल्हा म्हणजे आपल्या नाशिक किंवा साताऱ्यासारखा जिल्हा नव्हे हं! एखाद्या गावातल्या किंवा शहरातल्या शाळांचा कारभार पाहणारी ती संस्था असते. तिचा बराच पैसा घरपट्टीतून येतो. आता गंमत पाहा. जिथं मोठाले बंगले, तिथं घरपट्टी भरपूर आणि शाळाही झकास! जिथं गरीब वस्ती, तिथं घरपट्टी थोडी आणि शाळेच्या तिजोरीत खडखडाट. म्हणजे ज्या मुलांना मदतीची जास्त गरज, त्यांच्याच शाळेत पैसा कमी.

हे बदलावं म्हणून १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी शालेय शिक्षणाचा एक मोठा कायदा आणला. जॉन्सन तरुणपणी स्वतः शिक्षक होते. १९२८ साली टेक्सासमधल्या कोटुला गावात ते मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवत. त्यातली कितीतरी मुलं उपाशीपोटी शाळेत येत, ही आठवण ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही सांगत. ११ एप्रिल १९६५ रोजी त्यांनी या कायद्यावर सही केली. कुठं, माहीत आहे? वॉशिंग्टनमधल्या आलिशान दालनात नाही, तर टेक्सासमधल्या ज्या एका खोलीच्या शाळेत ते लहानपणी गेले होते, तिच्या अंगणात! शेजारी बसल्या होत्या त्यांच्या पहिल्या बाई, केट डेड्रिक लोनी.

या कायद्याच्या पहिल्या भागाला 'टायटल वन' म्हणतात. गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना केंद्र सरकारनं जादा पैसा द्यायचा, हा त्याचा गाभा. जादा म्हणजे कसा? पोळीवर तूप वाढावं तसा. तूप मिळालं म्हणून कुणी ताटातली पोळी काढून घ्यायची नाही!

तूप गेलं कुठं?

पण पंगतीत नेहमी होतं तेच झालं. वाढपी ज्याला ओळखतो, त्याच्या पानात जास्त पडतं. १९६९ साली नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांनी या पैशाची तपासणी करून एक अहवाल छापला. रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्लुअर या दोघींनी तो लिहिला होता. 'हा पैसा गरीब मुलांच्या उपयोगी पडतो आहे का?' असा सरळ प्रश्न त्याच्या नावातच होता. उत्तर मात्र वाचवत नव्हतं. कितीतरी ठिकाणी हा पैसा शाळांच्या नेहमीच्या खर्चात मुरला होता. गरीब मुलांच्या वाट्याचा पैसा सगळ्यांवर वाटला गेला होता. काही ठिकाणी तर त्यातून पोहण्याचे तलाव घेतले होते!

हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? अधिकारी होते, हिशेबाच्या वह्या होत्या, तपासनीसही होते. नव्हतं कोण? ज्यांच्या मुलांसाठी पैसा आला, ते आईबाबा. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की तुमच्या मुलांच्या नावानं पैसा आला आहे म्हणून.

आठ खुर्च्या

मग कायदा सुधारला. १९७४ साली नियम झाला, की 'टायटल वन'चा पैसा घेणाऱ्या शालेय जिल्ह्यात आणि शाळाशाळांत पालक सल्लागार परिषद हवीच. १९७८ साली तो आणखी पक्का झाला. परिषदेत बहुमत पालकांचं हवं, तेही ज्यांची मुलं या योजनेत शिकतात त्यांचं. सभासद मुख्याध्यापकांनी नेमायचे नाहीत, पालकांनी निवडून द्यायचे. योजनेत ७५ किंवा त्याहून जास्त मुलं असली, तर परिषदेत निदान आठ सभासद, दोन वर्षांची मुदत, आणि स्वतःचे पदाधिकारी. सभा कधी आणि कुठं घ्यायची, हेही परिषदेनंच ठरवायचं. शिवाय परिषदेला कायद्याची आणि नियमांची प्रत फुकट मिळायची. कारण नियमच ठाऊक नसले, तर माणूस प्रश्न तरी काय विचारणार?

तुम्ही म्हणाल, सल्ला देऊन काय मोठंसं होतं? त्यासाठी एक काल्पनिक सभा पाहू.

समजा, एका शाळेत वाचनात मागं पडलेली ६० मुलं आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, "आलेल्या पैशातून आपण शाळा सुटल्यावर रोज दीड तासाचा जादा वर्ग घेऊ." कागदावर योजना छान दिसते. सगळे माना डोलावतात. इतक्यात एक आई उठते. ती हॉटेलात भांडी घासायला जाते. ती विचारते, "शाळेची बस तीन वाजता सुटते. जादा वर्ग साडेचारला संपणार. मग माझी मुलगी घरी येणार कशी?" मागून एक आजोबा म्हणतात, "माझा नातू तर धाकट्या बहिणीला घरी घेऊन जातो. तो थांबला, तर तिला कोण नेणार?"

झालं! दोन प्रश्नांत योजनेचं भोक सापडलं. ज्या मुलांसाठी वर्ग काढायचा, त्यातली कितीतरी मुलं त्याला येऊच शकणार नव्हती. मुख्याध्यापक काही वाईट नव्हते. पण मुलं घरी कशी जातात, ते त्यांच्या कागदावर नव्हतं. ते फक्त घरच्या माणसांना ठाऊक होतं. आता एक तर उशिराची बस ठेवावी लागेल, नाही तर वर्ग शाळेच्या वेळातच बसवावा लागेल. शेवटचा निर्णय परिषदेचा नसतो, तो शालेय जिल्ह्याचा. पण हे प्रश्न एकदा सभेच्या इतिवृत्तात लिहिले गेले, की "आम्हाला ठाऊकच नव्हतं" असं कुणाला म्हणता येत नाही. सल्ल्याची ताकद ती हीच.

परिषद गेली, पालक उरले

१९८१ साली राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या काळात कायदा पुन्हा बदलला. वॉशिंग्टनच्या सरकारनं शाळांना फार नियम लावू नयेत, असं त्या सरकारचं म्हणणं होतं. पालकांशी विचारविनिमय करा म्हणजे झालं, परिषद हवीच असं नाही, असं नव्या कायद्यानं ठरवलं. सक्ती गेली तशा कितीतरी परिषदा आपोआप बंद पडल्या. खुर्च्या होत्या तिथंच राहिल्या, पण त्यांवर बसायचा हक्क गेला.

पुढे १९८८ आणि १९९४ साली पालकांचा सहभाग पुन्हा वाढवला गेला. सध्याचा कायदा २०१५ सालचा आहे. त्याप्रमाणे जिल्हाभराची पालक सल्लागार परिषद नेमता येते, पण सक्ती नाही. मात्र इतर काही गोष्टी 'टायटल वन'च्या शाळांना कराव्याच लागतात:

• वर्षातून एकदा सगळ्या पालकांची सभा. ही योजना काय आहे आणि पालकांचे हक्क कोणते, हे तिथं सांगायचं.

• सभा पालकांच्या सोयीनं, सकाळी किंवा संध्याकाळी. जाण्यायेण्याची सोय, लहान मुलं सांभाळायची सोय, यांवरही योजनेतला पैसा खर्च करता येतो.

• माहिती पालकांना कळेल अशा भाषेत. जिथं शक्य आहे तिथं त्यांच्याच भाषेत.

• शाळा, पालक आणि मुलं यांचा एक लेखी करार. कुणाची जबाबदारी कोणती, ते त्यात लिहायचं.

• संपूर्ण शाळेसाठी केलेली योजना पालकांना पटली नाही, तर त्यांचे आक्षेप योजनेबरोबर जिल्ह्याकडे पाठवायचे. कचऱ्याच्या टोपलीत टाकायचे नाहीत!

आता थोडं गणित. ज्या शालेय जिल्ह्याला वर्षाला ५ लाख डॉलरांहून जास्त पैसा मिळतो, त्यानं त्यातला निदान १ टक्का पालकांच्या सहभागासाठी बाजूला ठेवायचा. त्यातले निदान ९० टक्के शाळांकडे जायला हवेत. समजा, जिल्ह्याला २० लाख डॉलर मिळाले. मग पालकांसाठी किती आणि त्यातले शाळांकडे किती? करा पाहू तोंडी! बरोबर, २० हजार आणि १८ हजार. हा पैसा कसा वापरायचा, हे ठरवतानाही पालकांना सामील करून घ्यावं लागतं.

जिथं सही लागते

दोन ठिकाणी मात्र पालकांचं मंडळ आजही कायद्यानं आवश्यक आहे.

पहिलं ठिकाण म्हणजे शेतमजुरांच्या मुलांची योजना. पिकांच्या हंगामाप्रमाणे गावोगाव फिरणारी ही कुटुंबं. आपल्याकडे ऊसतोडणीला जाणारी कुटुंबं असतात ना, तशीच. मुलांची शाळा सारखी बदलते. त्यांच्यासाठीच्या वर्षभराच्या योजनांत पालक सल्लागार परिषदेशी विचारविनिमय करावाच लागतो, आणि तोही पालकांना समजेल अशा भाषेत.

दुसरं ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या मुलांची योजना. तिचा कायदा १९७२ सालचा. शालेय जिल्ह्यानं या पैशासाठी अर्ज करायचा, तर आधी पालक समितीची लेखी मंजुरी लागते. इथं नुसता सल्ला नाही, सही हवी! पिढ्यान्‌पिढ्या या मुलांना घरापासून दूर वसतिशाळांत ठेवलं गेलं होतं. त्यांची भाषा बोलायलाही बंदी होती. ते सगळं आईबाबांना न विचारता ठरवलं गेलं होतं. त्यामुळे या सहीचं मोल मोठं आहे. आणि तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट: या समितीत माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींनाही घेता येतं.

आणि आपल्याकडे?

आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा तयार करायचा आणि सरकारी अनुदान नीट खर्च होतं का ते पाहायचं, हे तिचं काम. २०१२ साली मात्र कायद्यात एक बदल झाला. खाजगी संस्थांच्या अनुदानित शाळांतली आणि अल्पसंख्याकांच्या शाळांतली ही समिती केवळ सल्ला देण्यासाठी आहे, असं ठरलं. म्हणजे तुमची शाळा जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची असेल तर समितीचं काम वेगळं, आणि खाजगी अनुदानित असेल तर वेगळं. आपली शाळा कोणती, ठाऊक आहे ना?

पालक मंडळींनो, तुमच्याशीही दोन शब्द. समितीत नाव असणं आणि समितीत बोलणं, यांत फरक आहे. अमेरिकेतही पुष्कळ पालकांनी तयार कागदावर सह्या करून चहा पिऊन घरी जाणंच पसंत केलं. सभा रात्रपाळीच्या वेळी, कागद न समजणाऱ्या भाषेत, आणि बोललं तर मुलाला त्रास होईल ही धास्ती. मग कोण बोलणार? म्हणून तर सोयीची वेळ आणि समजेल अशी भाषा, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी तिथं कायद्यात लिहाव्या लागल्या.

तेव्हा मुलांनो, या आठवड्यात एक काम करा. आपल्या शाळेच्या समितीत कोण कोण पालक आहेत, त्यांची मागची सभा कधी झाली आणि तिच्यात काय ठरलं, ते विचारून या. बाईंना किंवा सरांना विचारा, समितीतल्या एखाद्या काकूंना विचारा. उत्तर मिळालं, तर घरी सगळ्यांना वाचून दाखवा. नाही मिळालं, तर तो प्रश्न आईबाबांकडे द्या. पुढच्या सभेत तो त्यांनी विचारायचा आहे.